पासबुक शाळेच्या कपाटात

डिसेंबर सरत आला की जिल्हा परिषदेच्या शाळांच्या आवारात बाजार भरू लागतात. कुठे त्याला बाल आनंद मेळावा म्हणतात, कुठे आनंद बाजार, कुठे नुसताच बालबाजार. जुनी साडी नाहीतर बारदान अंथरून चौथी-पाचवीची पोरं ओळीने बसतात. कुणापुढे मेथीच्या जुड्या, कुणापुढे बोरं आणि हरभऱ्याचे डहाळे, कुणी घरून भेळेचं सगळं सामान आणलेलं. तराजू चुलत्याच्या दुकानातून मागून आणलेला. गावातली माणसं मुद्दाम येतात, घासाघीस करतात, आणि एरवी वर्गात तोंड न उघडणारी पोरगी 'काका, दहाला एक, पंचवीसला तीन' असं ठणकावून सांगते. आलेली पन्नासची नोट कंपासपेटीत जाते, सुटे पैसे कंपासपेटीतूनच निघतात. दुपारी गुरुजी विचारतात, किती झाले? 'तीनशे ऐंशी!' टाळ्या होतात, फोटो निघतो.

त्या तीनशे ऐंशीतून कुणी काही वजा करत नाही. बी कितीला आणलं, पहाटे उठून जुड्या बांधणाऱ्या आजीची मजुरी किती धरायची, हे विचारायचं राहून जातं. कंपासपेटीत आलेला प्रत्येक रुपया म्हणजे नफा, असं समजून मूल घरी जातं. पैसे आईच्या हातात पडतात आणि मीठ-मिरचीत संपतात. त्याच गावातल्या बँकेत त्याच मुलीच्या नावावर बऱ्याचदा एक खातं असतं. शिष्यवृत्तीसाठी शाळेनेच ते कधीतरी काढायला लावलेलं असतं, शून्य शिलकीचं. त्याचं पासबुक मुख्याध्यापकांच्या कपाटात नाहीतर आईच्या पत्र्याच्या पेटीत पडून असतं. मुलीने ते कधी उघडून पाहिलेलं नसतं.

बाजार भरतो ते पटांगण आणि पासबुक ठेवलेलं कपाट, यांच्यात वीस-पंचवीस पावलांचं अंतर असेल. मुलांना पैशाचा व्यवहार आणि पुढे नोकरीचा व्यवहार शिकवण्यात महाराष्ट्र कमी पडतो तो एवढ्याच अंतरात.

पुस्तकात काही उणं आहे म्हणावं, तर तसंही नाही. बालभारतीच्या सहावी-सातवीच्या गणितात गेली काही वर्षं 'बँक व सरळव्याज' हा पाठ आहे. आठवीला चक्रवाढ व्याज येतं. नववी आणि दहावीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' नावाचं अख्खं प्रकरण आहे: नववीला बचत, गुंतवणूक, आयकर, दहावीला जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड, एसआयपी. दहावीच्या मुलाला दलाली धरून शेअरची खरेदी किंमत काढता येते आणि त्याचे त्याला गुणही मिळतात. ज्यांनी हा अभ्यासक्रम बसवला त्यांना दाद द्यायला हवी. फार थोड्या पालकांना ठाऊक असतं की मुलाच्या दप्तरात हे सगळं आहे.

आता कोणत्याही तालुक्याच्या बँकेत सकाळी अकराला जाऊन पाहावं. भिंतीला लावलेल्या फळीपाशी दोऱ्याने बांधलेलं पेन असतं. हातात पासबुक धरून एक म्हातारी 'बाळा, एवढी स्लिप भरून दे' म्हणत येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत असते. तिने ज्या कॉलेजच्या पोराला गाठलं, तोही स्लिप उलटसुलट करून पाहतो. पैसे भरायची कोणती, काढायची कोणती? 'अक्षरी रक्कम' म्हणजे काय लिहायचं? रकमेच्या शेवटी 'फक्त' लिहायचं ते मोकळ्या जागेत दुसऱ्या कुणी शब्द वाढवू नये म्हणून, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याची स्वतःची सही दर वेळी वेगळी येते, कारण ती त्याने कधी ठरवलेलीच नसते. या मुलाने दहावीला म्युच्युअल फंडाचं गणित बरोबर सोडवलेलं असतं.

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी २७ टक्के आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले. देशाची आर्थिक राजधानी ज्या राज्यात आहे त्या महाराष्ट्राचा आकडा १७ टक्क्यांवर होता. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांना रोजच्या व्यवहारातले हिशेब घातले होते. ज्यांना निदान वजाबाकी येत होती, त्यांच्यातल्या साठ टक्क्यांहून जास्त मुलांना दिलेल्या पैशांत खर्च बसवता आला. किमतीवरची सूट ३७ टक्क्यांच्या आसपास मुलांना काढता आली. कर्ज घेतलं तर एकूण किती फेडावं लागेल, हे मात्र जेमतेम दहा टक्क्यांना सांगता आलं.

हा शेवटचा आकडा सगळ्यांत जास्त काळजी करण्यासारखा आहे, कारण याच वयाची मुलं थोड्याच दिवसांत मोबाइलच्या दुकानात हप्त्याच्या कागदावर सही करणार असतात. समजा बारा हजारांचं कर्ज, मुदत एक वर्ष, व्याज दहा टक्के 'फ्लॅट'. व्याज झालं बाराशे, महिन्याचा हप्ता अकराशे. ऐकायला सोपं. पण सहा हप्ते गेल्यावर मुलाकडे दुकानदाराचे जवळजवळ निम्मेच पैसे उरलेले असतात आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण बारा हजारांवर मोजलेलं असतं. घटत्या शिलकीवर हिशेब मांडला तर तोच दर अठरा टक्क्यांच्या घरात जातो. सरळव्याजाचं सूत्र पाठ असलेल्या मुलाला हे आपणहून सुचत नाही. कुणीतरी एकदा खरा कागद समोर ठेवून, महिन्या-महिन्याची शिलक फळ्यावर लिहून दाखवावी लागते. एका तासाचं काम आहे.

हिशेबाची जाण केवळ शाळेच्या इयत्तांवर अवलंबून नसते, याचा पुरावा साताऱ्याच्या माण तालुक्यात आहे. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बायका स्वतःची बँक काढायला निघाल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या मागे हटल्या नाहीत. साक्षरतेचे वर्ग भरवले, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की कितीही मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या बायकांना व्यवहार आधी आला, अक्षर नंतर आलं. आजच्या शाळकरी मुलांना अक्षर आधी येतं आणि व्यवहाराची वेळ येईपर्यंत ती वीस वर्षांची होतात.

वीस वर्षं थांबायचं कारण कायद्यानेही ठेवलेलं नाही. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं उघडून चालवता येतं, ही मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच स्पष्ट केली होती. २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात ती नव्याने मांडली आणि १ जुलैपर्यंत आपापली धोरणं त्याप्रमाणे करून घ्यायला बँकांना सांगितलं. किती रकमेपर्यंत व्यवहार करू द्यायचे, एटीएम कार्ड किंवा चेकबुक द्यायचं का, हे बँकेने आपल्या धोरणाप्रमाणे ठरवायचं. खात्यात शिलकीपेक्षा जास्त उचल होऊ द्यायची नाही, म्हणजे मूल कर्जात पडण्याची भीती नाही. आणि अठरा पूर्ण झाली की नव्याने नमुना सही घ्यायची. नियम एवढा मोकळा असताना गावोगावच्या शाखांत 'मुलाचं आहे ना, मग वडिलांना घेऊन या' हेच ऐकू येतं. शाळेने लेखी पत्र देऊन मुलांची तुकडीच शाखेत नेली, तर हे उत्तर बदलतं.

शाळेतच बँक चालवण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. साठीकडे झुकलेल्या वाचकांना 'संचयिका' आठवत असेल. आठवड्याला चार आणे, आठ आणे, वर्गशिक्षकांकडे जमा, छोट्याशा पुस्तकात नोंद. पुढे त्याच वाटेने एक मोठं काम मुंबईत उभं राहिलं आणि त्याची मराठी घरांत म्हणावी तशी ओळखच नाही. जेरू बिलिमोरिया यांनी १९९१ मध्ये मुंबईत 'मेलजोल' ही संस्था सुरू केली. पुढे ज्यांच्यामुळे अडचणीतल्या मुलांसाठीचा 'चाइल्डलाइन'चा १०९८ हा क्रमांक देशभर गेला, त्याच या बाई. मेलजोलच्या शाळांमधल्या मुलांनी आपल्या बचतीच्या उपक्रमाला नाव दिलं 'अफलातून'. बँक मुलांचीच. पैसे घेणारं मूल, वहीत लिहिणारं मूल, काढायला आलेलं मूल, आणि कशासाठी काढतोस हे विचारणारंही मूलच. २००५ मध्ये ॲमस्टरडॅमला 'अफलातून इंटरनॅशनल' स्थापन झालं आणि मुंबईच्या पोरांनी ठेवलेल्या त्या नावाने आज शंभराहून अधिक देशांत मुलं बचत शिकतात. ज्या राज्यातून हे जगभर गेलं, त्या राज्यात ते प्रत्येक शाळेत का नसावं?

'एवढ्याशा पोरांना पैशाच्या मागे कशाला लावता' असं मराठी घरांतून हमखास म्हटलं जातं. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घानामधल्या १३५ शाळांत संशोधकांनी दोन तऱ्हांचं शिक्षण देऊन पाहिलं. काही शाळांत फक्त पैशाचं, काही शाळांत 'अफलातून'च्या पद्धतीने पैशाबरोबर हक्क, जबाबदारी, एकमेकांचा विचार यांचंही. शाळेतली बचत दोन्हीकडे वाढली. पण जिथे नुसता पैसाच शिकवला, तिथली मुलं इतर शाळांतल्या मुलांपेक्षा जास्त कामाला लागलेली आढळली. जिथे दोन्ही शिकवलं तिथे तसं झालं नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं हा या देशात गुन्हा आहे आणि वीटभट्टीवर, ऊसतोडीला जाणारी मुलं महाराष्ट्राला नवी नाहीत. म्हणून मेथीच्या हिशेबात आजीची मजुरी धरायला शिकवणं एवढं महत्त्वाचं. फुकट मिळालेल्या श्रमालाही किंमत असते हे ज्याला दहाव्या वर्षी कळतं, तो पुढे स्वतःचे श्रमही फुकट देत नाही.

नोकरीच्या तयारीचा मुद्दा इथूनच सुरू होतो. आज 'जॉब रेडीनेस' म्हटलं की मुलाखतीला टाय लावून कसं बसायचं आणि इंग्रजीत स्वतःची ओळख कशी करून द्यायची, एवढंच शिकवतात. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरीला आयटीआय करून लागणाऱ्या मुलाला त्याआधी लागते ती पगाराची स्लिप वाचण्याची कला. समजा स्लिपवर एकूण पगार १८,००० आहे आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,०००. भविष्य निर्वाह निधीचे बारा टक्के म्हणजे १,४४० गेले. ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का, १३५ गेले. व्यवसाय कर २०० गेला. हातात आले १६,२२५. मुलगा म्हणतो, कंपनीने पावणेदोन हजार कापले. ते १,४४० त्याचेच आहेत, त्याच्या नावावर साठतायत, मालकालाही तेवढेच भरावे लागतात. ईएसआयसीचे ५८५ मालकाच्या खिशातून जातात आणि त्यावर मुलाच्या आईचंही आजारपण निघतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शेजारच्या मशीनवर त्याच पगारात काम करणाऱ्या मुलीला व्यवसाय करच लागत नाही, कारण २०२३ पासून महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. तिचेही २०० कापले जात असतील तर तिने विचारायला हवं. विचारायला आधी ठाऊक हवं.

ठेकेदाराकडे लागलेल्या मुलाचं तर आणखी अवघड. यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक, हे ठाऊक नसल्याने पैसे कापले गेले पण भरले की नाही, हे तो तपासतच नाही. दर नोकरीला नवा क्रमांक, आणि नोकरी सोडली की मिळतील तेवढे काढून मोकळं व्हायचं.

हाताला काम आणि कामाला हिशेब, ही जोडी शाळेत बसवून दाखवणारी माणसं इथे होऊन गेली आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि स्वावलंबी शिक्षण हेच ब्रीद ठेवलं; वसतिगृहातली मुलं शेतात राबून, स्वयंपाक करून, दगड-मातीची कामं करून शिकली. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम मांडली. आणि अगदी अलीकडचं, डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम उभा केला. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, खाद्यपदार्थ असली कामं खरोखर करतात, गावाला ती सेवा पैसे घेऊन देतात, आणि साहित्य किती लागलं, मजुरी किती, याचा हिशेब वहीत मांडतात. बाकडं जोडून दिलं म्हणजे काम झालं असं तिथे नाही. ते कितीला पडलं हेही लिहावं लागतं. बालबाजारात जे राहून जातं ते पाबळने कधीचं करून ठेवलंय.

फसवणुकीचा भाग थोडक्यातही सांगता येईल, पण टाळता येणार नाही. कॉलेजातल्या मुलाला कुणीतरी म्हणतं, तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो. कार्ड आणि सिम देऊन टाकलं की त्या खात्यातून दुसऱ्या कुणाचे तरी लुटलेले लाखो रुपये फिरतात आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. पैसे मिळायला पिन टाकावा लागत नाही, खातं कुणाला वापरायला द्यायचं नाही, फसलो तर तातडीने १९३० ला फोन करायचा: या तीन गोष्टी सातवीतल्या मुलाला राष्ट्रगीताइतक्या पाठ हव्यात. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाने 'राजू अँड द फॉर्टी थीव्हज' नावाची चित्रांची छान पुस्तिका काढली आहे, चाळीस प्रकारच्या फसवणुकींची. ती मुलांपर्यंत पोचायला हवी.

आणि महाराष्ट्रातल्या मुलाने आणखी एक गोष्ट शिकायला हवी, जी बाहेरच्या राज्यातल्या पुस्तकात सापडणार नाही. गावच्या चौकात शेजारी-शेजारी दोन पाट्या असतात, एक सहकारी बँकेची, एक पतसंस्थेची. आत काउंटर तसेच, पासबुक तसंच, पिग्मी गोळा करणारा दारात येतो तोही तसाच. पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ते १ लाखच होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. निवृत्तीचे, लेकीच्या लग्नाचे पैसे अडकलेली माणसं ज्या गावांत आहेत, तिथल्या पोरांना हा फरक पाटी वाचून ओळखता यायला हवा.

हे सगळं शिकवायचं कुणी? शिक्षकांवर आधीच सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरण्याचा भार आहे. आणखी एक विषय काढून त्याची आणखी एक परीक्षा घेणं हा उपाय नव्हे. कार्यानुभवाची तासिका वेळापत्रकात आहेच; बऱ्याच शाळांत ती गणिताला किंवा इंग्रजीला उसनी दिली जाते, तेवढी परत घ्यावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलेत. त्यातला एक दिवस बँकेत, एक पोस्टात, एक एखाद्या वर्कशॉपमध्ये घालवता येईल. बोलायला शाखेतला अधिकारी, पिग्मी एजंट, किराणा दुकान चालवणारी एखाद्या मुलाची आई आणि पगाराची जुनी स्लिप घेऊन आलेला शाळेचा माजी विद्यार्थी, एवढी माणसं प्रत्येक गावात असतात. २०२४ च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण'च्या पैशांसाठी बायका बँकांपुढे रांगा लावून उभ्या होत्या. आधार नेमकं कोणत्या खात्याला जोडलंय हेच कितीजणींना ठाऊक नव्हतं. त्यांच्याबरोबर रांगेत त्यांची मुलंही होती. ती शिकली असती तर घरात दोघांना उपयोग झाला असता.

येत्या डिसेंबरात बाजार भरेल तेव्हा गुरुजींनी 'किती झाले' विचारून थांबू नये, एवढीच मागणी आहे. तीनशे ऐंशीतून बी साठ रुपयांचं, सुतळी दहाची, आजीच्या दोन तासांचे पन्नास. राहिले दोनशे साठ. त्यातले साठ हातखर्चाला. दुसऱ्या दिवशी कपाटातलं पासबुक तिच्या हातात द्यावं आणि तिला, तिच्यासारख्या आणखी वीस-पंचवीस जणांना घेऊन शाखेत जावं. फळी उंच पडली तर बाकावर टेकून लिहील. अक्षरी रक्कम, दोनशे रुपये फक्त. खाली सही, जी आदल्या रात्री वहीच्या मागच्या पानावर तिने वीस वेळा करून पाहिली असेल.